पाचव्या घरचं पीठ

उडदाच्या शेंगा अंगणात वाळत घातल्या की दुपारच्या उन्हात त्या आपल्या आपण बोलायला लागतात. तट्. थोडं थांबून पुन्हा, तट् तट्. एखादा दाणा उडून थेट ओसरीपर्यंत येतो. पाय काळे, नखं काळी, पदर काळा. भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या भागातल्या सगळ्या बायका तव्याच्या बुडाला अंग घासून आल्यासारख्या दिसतात, आणि तरीही एकमेकींच्या तोंडाला हसतात.

काल मी अशाच शेंगा वर-खाली करत होते. धाकटी लेक माहेरी आली आहे, ती ओसरीवर पाय सोडून बसली होती, आणि मी तिला अक्कांचा खेळ करून दाखवत होते. मी त्याला खेळच म्हणते. हातात सूप घेतलं की त्याची परडी होते, कपाळावर आडवा हात ओढला की मळवट होतो आणि आवाज पोटातून काढला की अक्का उभ्या राहतात. मला हे फार सुंदर जमतं. हे मीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही. लेक पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आई, पण पुढं काय झालं? अक्का निवडून आल्या का?"

शेंगा माझ्या मुठीत तशाच राहिल्या.

तीस वर्षं मी अक्कांच्या गोष्टी सांगते आहे. लग्नात, बारशात, तुळजापूरला यात्रेसाठी उतरलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात. माझी गोष्ट नेहमी एका ठरावीक जागी संपते, लोक हसतात, कुणीतरी चहा आणतं. त्यापुढचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. किंवा मी विचारू दिलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तामलवाडीहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत दीड कोसावर आमचं गाव. मी सतराव्या वर्षी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि अक्का पन्नाशीच्या घरात होत्या. लहान वयात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या. गल्लीच्या टोकाला त्यांना दोन खण दिलेले. तिथं त्यांनी पांढऱ्या कपाळानं कोपऱ्यात बसून राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्या सहा महिने बसल्या. सातव्या महिन्यात तुळजापूरला गेल्या आणि गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट अशा अवतारात परत आल्या. देवीची आराधीण झाल्या. आता कुंकू नवऱ्याचं नव्हतं, देवीचं होतं. ते कोण पुसणार?

राहिल्या बांगड्या. आराधिणीचे हात मोकळे कसे चालतील? पण विधवेच्या हातात बांगड्या भरायला कुणी तयार होईना. तेव्हा गावात बांगड्या भरणारी हुसेनबी पाठीवरचं गाठोडं घेऊन स्वतः अक्कांच्या दारात आली. "अक्का, हात ढीला छोडो," ती म्हणाली. "देवी के नाम का चूडा है. मेरे कू किसका डर?" डझनभर हिरव्या बांगड्या तिनं चढवल्या, एकही न फुटता. त्या दिवसापासून अक्का गावात मोकळ्या फिरायला लागल्या. दर मंगळवारी, दर शुक्रवारी पाच घरी जोगवा. दारात उभं राहून देवीचा उदो म्हणायचा, घरातल्या सुनेनं पीठ-मीठ परडीत घालायचं. जोगव्याला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. कुणाचंही दार असो, तिच्यासाठी उघडतंच.

मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे साधत नाही ते अक्कांना या परडीनं मिळवून दिलं. गावातल्या प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत त्यांची नजर पोचत होती. कुणाकडं दोन दिवस तवा तापला नाही, कुणाची लेक सासरहून मार खाऊन आली, कुणाच्या घरात काय लपवलंय, सगळं त्यांना माहीत. पुढं चळवळीचे दिवस आले तेव्हा याच परडीतल्या पिठात चिठ्ठ्या दडवून त्या या गावातून त्या गावात न्यायच्या. अमीनाचे, म्हणजे निजामाच्या फौजदाराचे, शिपाई सगळ्यांची झडती घ्यायचे, पण देवीच्या परडीला हात लावायची त्यांची छाती नव्हती. एकदा मात्र संशय आलाच. तेव्हा चिठ्ठ्या हुसेनबीच्या बांगड्यांच्या गाठोड्यातून पार गेल्या. हुसेनबीचा नवरा चाँदभाई कचेरीत शिपाई होता. नवरा सरकारचा आणि बायको अक्कांची, अशी त्या घराची वाटणी होती.

सरकारनं धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसवली ते अक्कांचं खरं मैदान. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, माझ्या लग्नाआधीची आहे. पण इतक्या वेळा करून दाखवली आहे की आता पाहिलेलीच आहे. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, घोड्यावरून आला. मागं चाँदभाई, मापाची पायली खांद्यावर. म्हणाला, पेव उघडा. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड बंद करून वर्षभर ठेवलेलं. आत ज्वारी काठोकाठ होती. अक्का पुढं झाल्या, दगड सरकवला, पदर सावरला आणि म्हणाल्या,

"या सायेब. आदी तुमी उतरा."

"मैं क्यूँ?"

"मान मोठ्याचा. पेवात कोंडलेली वाफ असती. मागल्या साली एक गडी उतरला, त्यो वर आलाच न्हाय. पर तुमी सरकारची मान्सं. तुमास्नी वाफ वळखंल."

गिरदावरानं पेवात पाहिलं. घोड्याकडं पाहिलं. चाँदभाईकडं पाहिलं, चाँदभाई आभाळाकडं पाहत होता. मग गिरदावरानं कागद काढला आणि पेव रिकामं असल्याचं लिहून घोडा वळवला.

इथं मी नेहमी सुपाचं पेव करते आणि त्यात डोकावून मागं पडते. हमखास हशा.

पुढं अक्कांनी चाळीस-पन्नास बायका घेऊन तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. अमीनानं विचारलं, तुमचा पक्ष कोणता? "चुलीचा," अक्का म्हणाल्या. आठ दिवस आत ठेवलं. सुटून आल्या तेव्हा मी नवी सून होते, वेशीत उभी होते. हलगी वाजत होती, आता अक्का स्वातंत्र्यावर काही मोठं बोलणार म्हणून सगळे श्वास धरून होते. अक्का बैलगाडीवर चढल्या, गर्दीकडं बघितलं आणि कडाडल्या,

"राज्य कराया बसल्यात, आन् वरनात मीठ न्हाय!"

माझी गोष्ट इथं संपते. इथंच चहा येतो.

लेकीला मी काल चहा आणू दिला नाही.

त्या वर्षी उडीद चांगला आला होता. काढणी चालू असतानाच सोलापूरच्या रस्त्यानं फौज आली. आम्ही शेतातून धुळीचा लोट पाहिला, विमानं पाहिली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. गावात गूळ वाटला. अक्का पुन्हा गाडीवर चढल्या आणि सवयीप्रमाणे आधी बायकांना विचारलं, "चूल पेटली का गं?" सगळ्या बायका ओरडल्या, "पेटली!" गावाची नवी पंचायत बसणार होती. तिच्यात पहिलं नाव अक्कांचं, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या आठवड्यात बहिणीचं नाव घेताना ताठ व्हायचे.

मग आजूबाजूच्या गावांतून धूर दिसायला लागला. जुन्या राज्याचा राग काढायला माणसं निघाली होती, आणि ज्यांच्यावर तो निघत होता त्यांतले बहुतेक राज्य करणारे नव्हतेच. ते विणकर होते, पिंजारी होते, कुणी टांगा हाकणारे होते. चाँदभाई फौज आली त्या सकाळी कचेरीला गेला तो परतलाच नाही. हुसेनबी, तिची सून आणि सुनेची दोन लेकरं, चौघं अक्कांच्या दोन खणांत येऊन राहिली. गाव तीन दिवस काही बोललं नाही. चौथ्या दिवशी, तो मंगळवार होता, अक्कांना चावडीवर बोलावलं. माझे यजमान तिथल्या पायरीवर होते; त्यांनी घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला.

पाटील म्हणाले, "अक्का, त्यांस्नी घरात ठिवलंय म्हनं."

"ठिवलंय. चार जीव हायती."

"तिच्या नवऱ्यानं आमचं धान्य मापून न्हेलंय."

"नवऱ्यानं मापलं. तिनं बांगड्या भरल्या. पाटील, तुमच्या घरात कुन्या बाईच्या हातात हुसेनबीच्या बांगड्या न्हायत, तेवढं सांगा."

"भायेरची पोरं येनार हायती. त्यांनी गाव पेटवलं तर? जबाबदारी कोन घेनार?"

"गाव घील."

"कोन गाव? एक तरी मानूस हात वर करील का, इचारा."

अक्का उठल्या. "हात नगं वर कराया. आज मंगळवार. म्या जोगवा मागते. पाच घरांनी पीठ घातलं की समजायचं, गाव माझ्या मागं हाय. मग कुनीबी येऊ दे, ती पाच घरं माझ्यासंगं वेशीत हुबी ऱ्हातील. न्हाय घातलं तर म्या सवता त्यांस्नी गावाभायेर पोचवते. चावडीला मान्य हाय?"

एक म्हातारा म्हणाला, "अक्का, इसरलीस व्हय? अष्टमी झाली. देवी निजलीया."

नवरात्राच्या आधी आठ दिवस तुळजापूरला देवीला पलंगावर निजवतात. आमच्या गावात या आठ दिवसांत कुणी जोगवा मागत नाही. देवीच निजली तर कुणाच्या नावानं मागायचं? हे अक्कांना माहीत नव्हतं असं नाही. गावाला हे त्यांनीच शिकवलं होतं.

"देवी निजलीया," अक्का म्हणाल्या, "म्हनून तर म्या जागी हाय."

चावडी हसली. अक्का बोलल्या की लोक हसायचेच. अक्कांना वाटलं, हसले म्हणजे आपले झाले.

किती वर्षं मी या एका जागेभोवती फिरते आहे. त्यांनी सरळ विनंती का केली नाही? ज्या प्रथेनं इतकी वर्षं दारं उघडली होती तिच्यावर चार जीव पणाला का लावले, आणि तेही नेमके त्याच आठ दिवसांत, जेव्हा त्याच प्रथेनं दारं लावून घ्यायला सबब दिली होती? मला वाटतं, त्यांना दारांची इतकी सवय झाली होती की ती देवीसाठी उघडतात हे त्या विसरल्या. त्यांना वाटलं, आपल्यासाठी उघडतात.

दुपारच्या उन्हात त्या निघाल्या. मी उंबऱ्याआडून बघत होते.

पहिलं पीठ धनगराच्या बायकोनं घातलं. "देवी निजली आसंल, माजी शेरडं तर जागी हायती. घ्या," म्हणाली. वाण्यानं दुकानाची फळी लावून घेतली, पण त्याची बायको मागच्या दारानं बाहेर आली आणि आपल्या कानडीत "तगोरी, अक्का," घ्या, असं पुटपुटत दोन मुठी टाकून आत पळाली. गावकुसाबाहेरच्या एका म्हातारीनं कोंड्यासकट पीठ घातलं. तेवढंच तिच्याकडं होतं. आणि चौथं, ऐका, खुद्द पाटलाच्या आईनं घातलं. लेक चावडीवर बसलेला, म्हातारी जोत्यावरून ओरडली, "त्याला काय इचारायचं? पीठ म्या दळलंय!"

चार झाली. मग एकामागून एक दारं लागत गेली. अक्का थांबायच्या, उदो म्हणायच्या, आतून कुणीतरी म्हणायचं, "देवी उठल्यावर या अक्का." आवाजात राग नसायचा. लाज असायची.

आमचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आधी घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, भावानंच परडी भरली. आणि त्या घराची त्यांना खात्री होती. घाई नव्हती.

आमच्या घरी जोगवा वाढायचं काम नव्या सुनेचं. मी पिठाचं सूप घेऊन दारात आले होते. ओंजळ भरून तयार होती. अक्का पायरीखाली उभ्या राहिल्या. मळवट घामानं नाकापर्यंत उतरला होता. गल्ली भरलेली होती. कुठल्यातरी अंगणात उडीद तडकत होता, तो ऐकू येत होता.

"घाल पोरी," अक्का म्हणाल्या.

मागून मामंजींचा आवाज आला. अगदी हळू. "सूनबाई, थांब. देवी निजली आहे."

मी थांबले.

एवढंच झालं. कुणी माझा हात धरला नाही. मामंजी चार हात लांब, खांबापाशी होते, आणि ते माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघत होते. मी दोन्ही हात पुढं केले असते तर पीठ परडीत पडलं असतं आणि पाच झाली असती. सासरे रागावले असते, फार तर माहेरी धाडलं असतं. माझी ओंजळ पुढं गेली नाही, मागंही आली नाही. बोटांच्या फटींतून पीठ माझ्याच पायांवर गळत होतं.

अक्कांनी वाट पाहिली. मग परडीवर पदर झाकला.

"भ्यायलीस व्हय," त्या मला म्हणाल्या. टोमणा नव्हता. एखाद्या लेकराला भूक लागली का विचारावं तसं.

भर उन्हात त्या चौघांना घेऊन निघाल्या. आमच्या गल्लीतूनच. हुसेनबीनं बांगड्यांचं गाठोडं पाठीला मारलं होतं. आमच्या दारापुढं ती क्षणभर थांबली आणि सवयीनं माझ्या मनगटांकडं बघितलं, बांगड्या नीट आहेत ना, एखादी चिरली तर नाही. मग पाचही जण सोलापूरच्या रस्त्याच्या दिशेनं उडदाच्या रानात दिसेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी अक्का एकट्या परत आल्या. "रस्त्याला लावून आले," एवढंच म्हणाल्या. हात मोकळे होते. मला वाटलं, फोडल्या. पण फोडल्या नव्हत्या. वाटेत एका झाडाखाली बसून हुसेनबीनं त्या एक एक करून उतरवल्या होत्या, कारण अक्कांनी तसं सांगितलं होतं, "काढ आन् जपून ठिव. परत येशील तवा तूच भर." बांगडी चढवण्यापेक्षा न फोडता उतरवणं अवघड असतं. हुसेनबीच्या हातून एकही फुटली नाही म्हणे. ती परत आली नाही. ते चार जीव कुठं पोचले, पोचले की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. भायेरची पोरं तर आमच्या गावाकडं फिरकलीच नाहीत.

पंचायत बसली ती दसऱ्यानंतर. अक्का आल्या, बायकांत बसल्या आणि सवयीनं विचारलं, "चूल पेटली का गं?" एकीनंही उत्तर दिलं नाही. पहिल्या जागेवर मामंजींचं नाव आलं. त्यासाठीच त्यांनी मला थांबवलं होतं का? ते गेले, त्यालाही आता आठ वर्षं झाली. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं, "तू का थांबलीस?"

अक्का पुढं पुष्कळ जगल्या. पण परडी खुंटीला टांगली ती कायमची, आणि गाडीवर पुन्हा कधी चढल्या नाहीत. म्हणून लेकीला मी म्हणाले, "नाही गं. निवडून नाही आल्या. एका घरानं पडल्या." ती म्हणाली, "कुणाच्या?" मी अंगणातल्या शेंगांवर काठी मारायला घेतली.

एक राहिलं. त्या वर्षीच्या नवरात्रात, दुसऱ्या माळेला सकाळी मामंजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, देवी उठली. अक्काला पीठ नेऊन दे."

मी सूप शिगोशीग भरलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले. अक्का चुलीपुढं होत्या. मी सूप पुढं ठेवलं आणि रडायला लागले. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं.

"उशीर झाला पोरी," म्हणाल्या. "पर पीठ चांगलं हाय."

मग काठवट ओढली आणि त्याच पिठाची भाकरी थापायला घेतली. बांगड्यांशिवाय भाकरी थापली की आवाज वेगळा येतो. नुसता तळहाताचा, बोडका. मी तो आवाज ऐकत बसले. भाकरी तव्यावर फुगली. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"अक्का, तुम्ही?"

"मला नऊ दिस उपास हाय. तू खा. उपाशी पोटी रडू न्हाय."

मी खाल्ली. सगळी खाल्ली. फार गोड लागली.